लक्षात राहायला आधी लक्ष लागतं

सकाळचे पावणेआठ. गॅसवर गंजात दूध चढवलेलं, छतावरची टाकी भरायला मोटर लावलेली, पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी. धाकटीची वेणी व्हायची आहे, सासूबाईंना थायरॉइडची गोळी चहाच्या आधी द्यायची आहे, शाळेची व्हॅन कोपऱ्यावर हॉर्न देते आहे. तेवढ्यात फोन वाजतो. सिलिंडरवाला खाली उभा आहे, कोड सांगा म्हणतो. कोडचा मेसेज शोधत बैठकीत जावं, तिथून गॅलरीत, आणि परत येईस्तोवर दूध ओट्यावर, टाकीचं पाणी जिन्यावर, सासूबाईंचा चहा पिऊन झालेला आणि गोळी डबीतच.

अशा चार सकाळी लागोपाठ गेल्या की चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या मनात भीती बसते: आपल्याला तो विसरण्याचा आजार तर लागला नाही ना? नागपुरात मानेवाड्यात असो की जरीपटक्यात, घरोघरी ही भीती दबक्या आवाजातच बोलली जाते. म्हणून तिच्याबद्दल मोकळेपणानं आणि तपशिलात लिहायला हवं. या वयातल्या बहुतेक विसरण्याला सापडण्यासारखी कारणं असतात, आणि त्यातल्या बऱ्याच कारणांवर इलाज असतो.

आपली भाषा इथे फार नेमकी आहे. आपण "लक्षात राहिलं नाही" म्हणतो, आणि त्या शब्दातच "लक्ष" बसलेलं आहे. कुठलीही गोष्ट आठवायची तर तीन पायऱ्या लागतात. ती आधी मनात पडायला हवी, मग टिकायला हवी आणि वेळेवर वर यायला हवी. चाळिशी-पन्नाशीच्या धावपळीत मधली पायरी सहसा शाबूत असते. वडाभाताच्या वड्यांना कोणत्या डाळी किती घ्यायच्या, नणंदेच्या लग्नात कोणी काय आहेर केला होता, हे सगळं न चुकता आठवतं. मोडते ती पहिली पायरी आणि तिसरी. गाडीची किल्ली ठेवताना मन दुसरीकडे होतं, तेव्हा ती कुठे ठेवली हे मनात पडलंच नाही. जे पडलंच नाही ते आठवणार कुठून? आणि गोळी द्यायची हे पक्कं माहीत होतं, पण नेमक्या वेळी ते वर आलं नाही.

हातातलं काम करताना मनात एका वेळी किती गोष्टी धरता येतात? १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सातच्या आसपासचा आकडा मांडला होता. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी पुराव्यांचा आढावा घेऊन तो साधारण चारवर आणला. वरच्या सकाळीत मोजून पाहा: दूध, मोटर, पोळी, वेणी, गोळी, व्हॅन, कोड. सात झाले. चारच्या जागेत सात कोंबले की तीन सांडणारच, मग वय वीस असो की पन्नास.

सांडतं काय, हे मात्र ठरलेलं असतं. आवाज करणारं काम जिंकतं. व्हॅन हॉर्न देते, फोन वाजतो, मूल हाक मारतं. दूध वर येईपर्यंत गप्प असतं, मोटरची घरघर कानाला सवयीची झालेली असते, गोळीला तर आवाजच नाही. म्हणून स्मरणशक्ती वाढवायच्या मागे लागण्याआधी मुक्या कामांना आवाज द्यावा. मला हा उपाय बदाम भिजवून खाण्यापेक्षा कितीतरी खात्रीचा वाटतो. बदाम खावेत, ते चांगलेच असतात, पण दूध उतू जायचं त्यानं थांबत नाही.

ओटा, मोटर आणि कूलर

गॅसवर काही ठेवून स्वयंपाकघराबाहेर जावं लागलं, तर सराटा किंवा पळी हातात घेऊनच जा. बैठकीत पळी हातात दिसली की ती का घेतली हे लगेच आठवतं. हातात काही न घेता गेलं की आठवत नाही, त्यामागे कारण आहे. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की दार ओलांडून दुसऱ्या खोलीत गेल्यावर आधीच्या खोलीतलं विसरण्याचं प्रमाण वाढतं. दार ओलांडलं की मेंदू मागचं पान मिटतो आणि नवं उघडतो. फ्रिजसमोर उभं राहून "मी इथे कशाला आले?" असं होतं, ते याच कारणानं. त्यात आजाराचं लक्षण काही नाही. अशा वेळी जिथून निघालात तिथे परत जा, बहुतेकदा आठवतं. त्याहून बरं म्हणजे निघतानाच तोंडानं म्हणायचं: "कात्री आणायला जाते आहे."

हे मोठ्यानं म्हणणं लहान मुलांसारखं वाटेल, पण ते मोठ्या जबाबदारीच्या ठिकाणी वापरलं जातं. नागपूर स्टेशनातून रात्रंदिवस गाड्या जातात. त्यांच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्यानं सांगतात, हात दाखवून सांगतात. डोळ्यांनी पाहिलेलं तोंडानं म्हटलं की ते मनात पडतं. घरातून निघताना गॅसच्या बटणाकडे बोट दाखवून "गॅस बंद", इस्त्रीकडे पाहून "इस्त्री बंद", कुलूप ओढून "कुलूप लागलं" एवढं म्हणा. मग मेडिकल चौकातून "गॅस बंद केला काय?" म्हणून परत फिरावं लागत नाही, कारण आपलाच आवाज आठवतो. रोज एकाच तालात, पाटीवर गिरवल्यासारखं म्हटलं तर मात्र चार दिवसांत त्याचाही परिणाम जातो. बोट दाखवणं आणि खरंच बघणं, दोन्ही हवं.

दुधासाठी शिटीचं दुहेरी भांडं मिळतं, त्याच्या पोकळीत पाणी घालायचं असतं. ते पाणी आटलं आणि लक्ष गेलं नाही की शिटी वाजायची थांबते आणि भांड्याचा तळ जळतो. म्हणून पाणी रोज बघून घालावं. वरण शिजवताना कुकरच्या शिट्या मोजत बसू नये. मोजणी मधेच तुटते आणि "तीन झाल्या की चार?" यावर घरात मतभेद होतात. पहिली शिटी झाली की आच बारीक करा आणि १० मिनिटांचा टायमर लावा. भिजवलेली तूरडाळ तेवढ्यात शिजते. मीठ घातलं की नाही हाही नेहमीचा घोळ. भाजी फोडणीला टाकण्याआधीच लागणारं मीठ वाटीत काढून ठेवावं. वाटी रिकामी दिसली म्हणजे मीठ पडलं.

मोटरचं तंत्र थोडं निराळं. टाकी पूर्ण रिकामी असताना ती भरायला किती मिनिटं लागतात हे एकदा घड्याळ लावून मोजा आणि आकडा स्विचच्या शेजारी भिंतीवर लिहा. मे महिन्यात परत मोजा. उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली जाते, व्होल्टेजही पडतं, आणि हिवाळ्यातला आकडा तेव्हा उपयोगाचा राहत नाही. टाकीला नुसता गोळ्याचा व्हॉल्व्ह बसवून काम भागत नाही. तो पाणी अडवतो, पण खाली मोटर बंद व्हॉल्व्हवर जोर देत फिरत राहते आणि तापते. वीज तोडणारा फ्लोट स्विच हवा, नाहीतर सेन्सरचा ऑटोमॅटिक कंट्रोलर. बोअरच्या जड पाण्यात सेन्सरच्या कांड्यांवर क्षार चढतात आणि तो "टाकी भरली" हे ओळखेनासा होतो, म्हणून दर काही महिन्यांनी कांड्या पुसून घ्याव्या लागतात. एवढं केलं की रोज सकाळचं एक ओझं डोक्यातून कायमचं उतरतं. घरातल्या ज्या कामासाठी यंत्र मिळतं, त्या कामासाठी माणसाचं डोकं खर्चू नये.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायची असते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, त्या आत पाणी काढलं तर साखळी तुटते. "आठवड्यातून एकदा" म्हणून ठेवलेलं काम हमखास राहतं, कारण त्याला जागाच नसते. "रविवारी, कूलरचं गवत पाहताना, अंघोळीआधी" म्हटलं की त्याला जागा मिळते.

हे शेवटचं वाक्य नुसतं सांगण्याची पद्धत म्हणून लिहिलेलं नाही. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये यावर लिहिलं: "मी अमुक करीन" असा नुसता निश्चय करण्यापेक्षा "जेव्हा अमुक घडेल तेव्हा मी तमुक करीन" असं बांधून ठेवलं की काम होण्याची शक्यता वाढते. पुढे बऱ्याच अभ्यासांत हेच दिसलं. मराठीत "जेव्हा-तेव्हा"ची जोडी तयारच आहे. फक्त "जेव्हा"च्या पुढे डोळ्यांना दिसणारी किंवा कानाला ऐकू येणारी गोष्ट हवी. "जेव्हा वेळ मिळेल तेव्हा" हा जेव्हा नव्हे. "जेव्हा दुपारी डबा घासायला टाकीन, तेव्हा विजेचं बिल भरीन" हा जेव्हा.

पूर्वी बायका पदराला गाठ मारायच्या. गाठीत एक उणीव होती: काहीतरी करायचं आहे एवढं ती सांगते, काय करायचं ते सांगत नाही. आपल्या फोनमधले बिननावाचे अलार्म असेच असतात. नऊ वाजता फोन वाजतो, ओल्या हातानं तो बंद होतो, आणि कशासाठी वाजला ते कळतच नाही. अलार्मच्या नावात क्रियापद आणि जागा लिहा: "फ्रिजवरची डबी, बाबांची बीपीची गोळी, आता." आपण त्या जागेजवळ असू अशाच वेळेला अलार्म लावा. गाडीवर असताना वाजलेला अलार्म वायाच जातो. आणि दिवसाला चार-पाचपेक्षा जास्त नकोत. दहा झाले की बोट त्यांना न वाचताच बंद करायला शिकतं.

गोळी डबीतच का राहिली

थायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी, पाण्यासोबत, चहा-नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी घ्यायची असते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत ४ तासांचं अंतर लागतं, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. बऱ्याच घरांत ही गोळी स्वयंपाकघरातल्या डब्यात असते आणि ती द्यायची आठवण सुनेच्या डोक्यात. चूक जागेची आहे. सासूबाई उठल्यावर पहिल्यांदा ज्याला हात लावतात ती वस्तू म्हणजे उशाशी ठेवलेला तांब्या किंवा बाटली. गोळीची डबी रात्रीच तिच्या झाकणावर ठेवा. पाणी प्यायचं तर डबी उचलावीच लागते, आणि सुनेला आठवायची गरजच राहत नाही. कुणाची सकाळ फारच गजबजलेली असेल तर डॉक्टरांना विचारून हीच गोळी रात्री, शेवटच्या जेवणानंतर किमान ३ तासांनी घेता येते.

"घेतली की नाही?" ही शंका गोळी न घेण्याइतकीच वाईट, कारण मग दुसऱ्यांदा घेतली जाते. सात दिवसांची, सकाळ-संध्याकाळचे खण असलेली डबी हा त्यावर सरळ उपाय. ती रविवारी दुपारी, उजेडात, टीव्ही बंद करून भरायची आणि दुसऱ्या माणसानं एकदा पाहायची. काही गोळ्या पाकिटातून आधी काढून ठेवता येत नाहीत, त्या औषधाच्या दुकानात विचारून घ्याव्यात. त्यांच्या पट्टीवर पेननं वार लिहिले तरी चालतं. एखादी वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत. आपल्या औषधाचा नियम डॉक्टरांकडून एकदाच नीट लिहून घ्यावा आणि डबीच्या झाकणाच्या आत चिकटवावा.

"सांगितलं असतं तर केलं असतं"

या एका वाक्यावर घरोघरी भांडणं होतात. म्हणणारा बहुतेकदा खरंच बोलत असतो, त्यानं केलं असतं. पण कोणत्याही घरकामाचे तीन तुकडे असतात: ते दिसणं, ठरवणं आणि करणं. तांदूळ संपत आलेत हे दिसणं, कुठला किती आणायचा हे ठरवणं, आणि आणणं. नवऱ्याला किंवा मुलाला आपण शेवटचा तुकडा देतो, पहिले दोन बाईच्या डोक्यात राहतात. हाताला आराम मिळतो, डोक्याला नाही. आणि विसरणारं डोकं तेच आहे.

म्हणून काम द्यायचं तर आठवणीसकट द्यावं. "गाडीचं सगळं तुझ्याकडे" याचा अर्थ पीयूसी, विमा, सर्व्हिसिंग, टायरमधली हवा, या सगळ्यांच्या तारखा त्यानंच पाहायच्या. एकदा विमा संपला आणि दंड बसला तरी मधे पडायचं नाही. हे अवघड जातं, पण मधे पडलं की ते काम आठवणीसकट परत आपल्याकडे येतं. बारा वर्षांचं मूल स्वतःचं दप्तर, डबा-बाटली आणि शाळेच्या सूचना नक्कीच सांभाळू शकतं. पहिले दोन आठवडे ते डबा विसरेल. विसरलेला डबा पोचवायला आई शाळेत धावली नाही तर तिसऱ्या आठवड्यात विसरणं कमी होतं.

घराची स्मृती भिंतीवर असावी. स्वयंपाकघरात मोठ्या चौकटींचं एकच कॅलेंडर, आणि त्याला दोऱ्यानं बांधलेला पेन. दोरा महत्त्वाचा आहे, कारण पेन सापडला नाही की "नंतर लिहीन" होतं आणि तिथेच गोष्ट हरवते. पूर्वी याच कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिले जायचे, ती पद्धत फार चांगली होती. व्हॉट्सॲपचा घरचा ग्रुप या कामाला पुरत नाही. तिथे टाकलेली फी भरण्याची शेवटची तारीख तासाभरात सुविचारांखाली गाडली जाते. रविवारी वीस मिनिटं सगळ्यांनी कॅलेंडरसमोर उभं राहून पुढचा आठवडा वाचावा, प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव लिहावं. दोन नावं लिहिली की दोघांनाही वाटतं दुसरा करेल.

आपल्या गावच्या वर्षाला स्वतःची गर्दी आहे, ती आधीच लिहून टाकावी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे पुस्तकं, गणवेश, पावसाची डागडुजी सगळं एकाच पंधरवड्यात येतं. मग पोळा, तान्हा पोळा, मारबत, पाठोपाठ गणपती आणि महालक्ष्म्या. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बदलतात आणि व्हॅनची वेळही बदलते. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या घरांसाठी. या पंधरवड्यांत नवं काही अंगावर घेऊ नये, आणि त्या दिवसांत जास्त विसरलं तर घाबरून जाऊ नये.

बाजाराची यादी दुकानांच्या क्रमानं लिहावी. गोकुळपेठेत आधी भाजी, मग किराणा, मग औषधं असा रस्ता असेल तर यादीही तशीच. डोक्यात आलं तसं लिहिलं की आलू, साबण, सांबार (म्हणजे कोथिंबीर), गोळ्या असा खिचडा होतो आणि सांबार राहून परत उतरावं लागतं.

उन्हाळ्यात "मी सांगितलं होतं" आणि "तू सांगितलंच नाहीस" ही भांडणं वाढतात. एकदा कूलरकडे बघा. त्या आवाजात दुसऱ्या खोलीतून फेकलेलं वाक्य अर्धंच पोचतं. समोरचा सवयीनं "हो" म्हणतो आणि पुढे सगळे त्याला विसरणं म्हणतात. जवळ जाऊन, नाव घेऊन, डोळ्यांत बघून सांगावं आणि ते परत म्हणवून घ्यावं. कूलर बंद असतानाही ऐकू येत नसेल तर कान तपासावेत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली आणि ती सगळी दूर झाली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो असं म्हटलं. मध्यमवयात ऐकू कमी येणं हे त्यातलं एक मोठं कारण आहे. रक्तदाब, मधुमेह आणि वाईट कोलेस्टेरॉलही त्या यादीत आहेत.

शरीराकडे बघण्याची वेळ

सगळं लिहूनही, वाटूनही, मेंदूवर धुकं बसल्यासारखं वाटत असेल तर कारण शरीरात शोधावं.

पहिली चौकशी झोपेची. त्या दिवशी शिकलेलं झोपेत पक्कं होतं आणि अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशीचं लक्षही जातं, म्हणजे पहिली आणि मधली अशा दोन्ही पायऱ्या मोडतात. रात्री अकरानंतरचा तास फोनसोबत आणि पहाटे पाचला डब्याची तयारी, यात झोप सहा तासांच्या खाली जाते. झोपूनही सकाळी थकवा असेल, जोडीदार सांगत असेल की घोरताना मधेच श्वास थांबतो, तर ते स्लीप अ‍ॅप्निया असू शकतं. ते बायकांनाही होतं आणि पाळी गेल्यावर वाढतं.

भारतात पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते आणि तिच्या आधीची काही वर्षं हार्मोन्सचा चढउतार चालू असतो. शब्द जिभेवर येऊन अडतो, नवं नाव टिकत नाही, रात्री अंगातून वाफा येऊन जाग येते. अमेरिकेत हजारो स्त्रियांच्या वर्षानुवर्षं नोंदी ठेवून झालेल्या स्वान अभ्यासात दिसलं की या काळात नवं शिकण्याची गती मंदावते आणि पाळी पूर्ण गेल्यावर ती पुन्हा सावरते. हे प्रत्येक घरात बोललं गेलं पाहिजे. मुलांची बारावी, सासऱ्यांचं आजारपण आणि आईचा हा काळ नेमका एकाच वेळी येतो, आणि तिला मात्र "तुझं लक्ष कुठे असतं?" एवढंच ऐकायला मिळतं.

मग रक्त. बी-१२ हे जीवनसत्त्व फक्त प्राणिजन्य अन्नातून मिळतं: दूध, दही, अंडी, मासे, मटण. शाकाहारी घरांत, त्यातही दूध कमी घेणाऱ्यांत, ते कमी पडतं. सोबत पायांना मुंग्या, जीभ गुळगुळीत आणि दुखरी, थकवा. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता समजतात, त्याच्या थोडं वर असलं तरी लक्षणं असतील तर डॉक्टर पुढे तपासतात. इथे एक चूक सर्रास होते: थकवा वाटला म्हणून आधी इंजेक्शनं घेतात आणि मग तपासणी करतात. इंजेक्शनानंतर आकडा वरच दिसतो आणि निदान चुकतं. आधी तपासणी, मग औषध. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असलेल्यांचं बी-१२ घसरतं, आणि रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल-पँटोप्राझोलसारखी गोळी घेणाऱ्यांचंही. तर्रीच्या आवडीनं आपल्याकडे ही गोळी फार घरांत फराळासारखी रोज घेतली जाते, म्हणून हे मुद्दाम सांगते आहे. बी-१२ सोबत हिमोग्लोबिन (बायकांत १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्त कमी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि साखर बघून घ्यावी.

औषधांच्या पट्ट्याही तपासायच्या. सर्दी-खाजेच्या जुन्या पिढीच्या, झोप आणणाऱ्या गोळ्या आणि अल्प्राझोलम-क्लोनाझेपामसारखी झोपेची औषधं स्मृतीवर थेट परिणाम करतात. ती कुणाच्या सांगण्यावरून एकदम बंद मात्र करू नयेत. दीर्घकाळ घेतलेली एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

मन खचलेलं असलं तरी विसरायला होतं. कशातच रस नाही, रडू येतं, दोन आठवड्यांहून जास्त काळ असंच चाललं आहे, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

काळजी केव्हा करावी? किल्ली कुठे ठेवली हे विसरणं वेगळं, हातातली किल्ली कशाची हे न कळणं वेगळं. रोजच्या रस्त्यावर, शंकरनगरहून घरी येताना, वळण न ओळखणं, तासाभरात तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणं, वर्षानुवर्षं जमणारा हिशेब किंवा पुरणाचा क्रम न जमणं, स्वतःला काहीच जाणवत नसताना घरच्यांना बदल जाणवणं, यांपैकी काही सहा महिन्यांत वाढत असेल तर थांबू नये. आणि अचानक गोंधळ ही तातडीची गोष्ट आहे. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं असेल तर १०८ ला फोन. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. मधुमेहाच्या रुग्णात असं झालं तर साखर लगेच मोजावी. मे महिन्यात उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत घेऊन, अंगावर पाणी घालून, वारा घालत दवाखान्यात न्यायचं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एक वही करा. काय विसरलं, किती वाजता, त्या वेळी आणखी काय चाललं होतं, आदल्या रात्री किती तास झोप झाली, पाळीचा कितवा दिवस. "मी सगळंच विसरते" यातून डॉक्टरांना काही हाती लागत नाही, या वहीतून लागतं. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घाला. सोबत घरातलं असं माणूस न्या, जे रोज तुम्हाला बघतं. वही आणि पिशवी आदल्या रात्रीच चपलांजवळ ठेवा.